४२९४९६७२९७ या संख्येचे अवयव कागदावर कसे शोधावेत

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ ही संख्या मिळते. अशा घडणीच्या, म्हणजे ३२ प्रमाणे घातांकही २ चाच घात असलेल्या, सर्व संख्या मूळ असाव्यात, असे फ्रेंच गणितज्ञ फर्माचे मत होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने याच संख्येचे अवयव पाडून ते खोडून काढले. तिचे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे येते आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. त्या सर्वांनी भागत बसण्याआधी संख्येची घडण नीट पाहावी, कारण निम्म्याहून अधिक काम तिथेच होते.

समजा, प ही मूळ संख्या तिचा विभाजक आहे. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यास बाकी −१ उरते (म्हणजे निःशेष भाग जायला १ कमी पडतो), ६४ व्या घाताला १ उरते आणि त्याहून लहान कोणत्याही घाताला १ उरत नाही. म्हणून फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या प − १ व्या घाताला प ने भागल्यास १ उरतो) प − १ ला ६४ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. पुढे फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने ही अट १२८ पर्यंत कडक केली.

आता १२८ च्या पटींत १ मिळवून उमेदवार लिहावेत: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांपैकी १२९ व ५१३ यांना ३ ने आणि ३८५ ला ५ ने भाग जातो. २५७ ने भागल्यास २ च्या ८ व्या घाताची बाकी −१, म्हणून ३२ व्याची १ आणि आपल्या संख्येची २ उरते. राहिली ६४१. येथे लांबलचक भागाकार न करता वर्ग करत जावे: ६५५३६ ला ६४१ ने भागल्यास १५४ उरतात, १५४ चा वर्ग २३७१६, आणि ६४१ × ३७ = २३७१७. म्हणजे बाकी नेमकी −१, आणि भाग निःशेष जातो.

भागाकार ६७००४१७ येतो. त्याचे वर्गमूळ २५८९ हून कमी आहे आणि त्याच्या मूळ विभाजकांनाही वरचीच अट लागू असल्यामुळे ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच संख्या तपासायच्या उरतात. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात, म्हणून ६७००४१७ ही मूळ संख्या ठरते.

मूळत्वाची कसोटी आधी लावायची असल्यास २ हा पाया मुळीच घेऊ नये, कारण ही संयुक्त संख्या त्या पायावरील फर्माची कसोटी (पायाचा, संख्येहून एकने कमी असलेला घात घेऊन त्याला संख्येने भागल्यास १ उरतो का, हे पाहणे) सहज पार करते.

अवयव हाती आले की बाकीचे गुणधर्म भराभर निघतात: एकूण विभाजक ४, त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६, आणि संख्येपेक्षा लहान अशा तिच्या सहमूळ (तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. मला सर्वांत सुंदर वाटतो तो वर्गांचा गुणधर्म. ६४१ = २५² + ४² आणि ६७००४१७ = २५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, हे ब्रह्मगुप्ताच्या सातव्या शतकातील सूत्रातून मिळते. ते सूत्र असे: (अ² + ब²)(क² + ड²) = (अक ± बड)² + (अड ∓ बक)². ते वापरल्यास एका चिन्हाने ६५५३६² + १² ही आपली ओळखीची मांडणी परत मिळते आणि दुसऱ्या चिन्हाने ६२२६४² + २०४४९² ही नवी. मूळ संख्येची अशी मांडणी एकाहून अधिक प्रकारे कधीच होत नाही.