संस्कृत नाटक बसवताना या चुका टाळा : ‘कर्णभार’च्या तालमीतून

महाविद्यालयीन स्पर्धेसाठी संस्कृत नाटक निवडताना विद्यार्थ्यांची नजर प्रथम ‘शाकुंतल’ किंवा ‘मृच्छकटिक’ यांच्याकडे वळते. पहिले सात अंकांचे आणि दुसरे दहा अंकांचे असल्यामुळे तासाभरात बसवण्यासाठी त्यांची इतकी काटछाट करावी लागते की, शेवटी ओळीने मांडलेले निवडक प्रवेश तेवढे उरतात. टी. गणपतिशास्त्री यांनी 1912 पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या, भासाच्या नावावर असलेल्या तेरा नाटकांत मात्र ‘कर्णभार’, ‘ऊरुभंग’, ‘मध्यमव्यायोग’ अशी मुळातच एका अंकाची नाटके आहेत. त्यांपैकी ‘कर्णभार’मध्ये पात्रे थोडी आणि गोष्ट सर्वांच्या परिचयाची असल्याने ते सोपे समजले जाते. त्याच्या तालमीत होणाऱ्या चुका थोड्याफार फरकाने सर्वच संस्कृत नाटकांत आढळतात.

सर्वांत मोठी चूक उच्चारांची असते आणि ती सर्वांत उशिरा लक्षात येते. ‘यत्रासावर्जुनस्तत्रैव चोद्यतां मम रथः’, म्हणजे ‘तो अर्जुन जिथे आहे तिथेच माझा रथ ने’, हे कर्णाचे वाक्य नाटकात पुन्हा पुन्हा येते. मराठी मुलगा ‘चोद्यतां’मधला च ‘चोर’मधल्या चसारखा उच्चारतो, तिथे ‘चार’मधला तालव्य च हवा. ‘मम’ मराठी सवयीने ‘मम्’ होतो, कारण आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो; संस्कृतात तो पूर्ण उच्चारावा लागतो. ‘रथः’चा विसर्ग एक तर नाहीसा होतो, नाही तर त्याचा इतका ठसठशीत ‘ह’ होतो की कर्णाला धाप लागल्याचा भास व्हावा. यावर उपाय असा की, पहिला आठवडा संधी सोडवून, ‘यत्र असौ अर्जुनः तत्र एव’ असे अर्थासह बोलावे आणि शब्द मनात बसल्यानंतरच संधी जोडावेत. संधीसकट केलेले पाठांतर एका जागी अडखळले की पुढचे सगळे वाक्य ढासळते, कारण पुन्हा कुठून धरायचे हे नटाला कळत नाही.

याच्याच जोडीची चूक श्लोकांची आहे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकातला ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति’ हा कण्वाचा श्लोक शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे आणि आपली बहुतेक मंगलाष्टकेही त्याच वृत्तात असतात. मुलीची पाठवणी करणारा बाप तो श्लोक मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणू लागला की प्रेक्षकांना ‘सावधान’ची आठवण होते आणि अक्षतांसाठी हात शिवशिवू लागतात. वृत्तात बाराव्या अक्षरानंतर येणारा यती, म्हणजे थांबा, सांभाळावा, ऱ्हस्वदीर्घ चोख ठेवावेत, पण चाल लावू नये. श्लोक हेही पात्राचे बोलणेच असते आणि ते समोरच्या पात्राला उद्देशून येते.

तिसरी चूक छापील पुस्तकामुळे होते. संस्कृत नाटकांत काही पात्रे प्राकृत बोलतात आणि अनेक आवृत्त्यांत त्या वाक्यांची संस्कृत छाया, म्हणजे संस्कृत रूपांतर, दिलेली असते. सोय म्हणून मुले छायाच पाठ करतात. ‘कर्णभार’मध्ये ब्राह्मणाच्या वेषातला इंद्र ‘भो कण्ण! महत्तरं भिक्खं याचेमि’ असे म्हणतो. देवांच्या राजाने घेतलेले सोंग त्या भाषेतच आहे. ‘कण्ण’चे ‘कर्ण’ केले की वेषांतर केवळ दाढी आणि दंडापुरते उरते. शिवाय ‘भिक्खं’ हा शब्द आपल्या ‘भीक’च्या इतका जवळचा आहे की, संस्कृत न येणाऱ्या प्रेक्षकालाही तो नेमका कळतो. हाताशी असलेली ही मदत सोडून अनेक संघ आरंभी दहा मिनिटांचे मराठी निवेदन ठेवतात आणि त्यात कवचकुंडलांचे दानही सांगून टाकतात. निवेदन हवेच असेल, तर चार वाक्यांत उरकावे आणि कथा इंद्राच्या प्रवेशापाशी थांबवावी.

काही अडचणी दिग्दर्शकाच्या उत्साहातून येतात. गुरू परशुराम कर्णाच्या मांडीवर डोके ठेवून झोपल्याचा आणि किड्याने ती मांडी पोखरल्याचा प्रसंग कर्ण आपला सारथी शल्य याला सांगतो. तो मागच्या पडद्यावर निळ्या प्रकाशात करून दाखवण्याचा मोह होतो. तसे केल्यास शल्याला काम उरत नाही. वास्तविक त्या सगळ्या प्रवेशाचा तोल शल्याच्या ऐकण्यावर आहे. रथाचेही तसेच. संस्कृत रंगसूचनांत ‘नाटयति’, ‘निरूपयति’ अशी क्रियापदे येतात, म्हणजे ती कृती अभिनयाने दाखवायची असते. प्लायवुडचा रथ रंगमंचाचा तिसरा हिस्सा अडवतो आणि हलत तर नाहीच. शेवटी लाल प्रकाशात कर्णाचा मृत्यू जोडणे ही तर सरळ नाटककारावर कुरघोडी आहे. भासाला रंगमंचावर मृत्यू दाखवायचा असता तर त्याने दाखवला असता, जसा ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाचा दाखवला आहे. इथे मात्र कवच गमावलेला कर्ण पुन्हा रथ अर्जुनाकडे न्यायला सांगतो आणि नंतर भरतवाक्य, म्हणजे नाटकाच्या शेवटचा मंगल श्लोक, येते.

‘आत्मगतम्’ (स्वगत) अशी सूचना असलेली वाक्ये घाईत उरकली जातात, हेही नेहमीचेच. कर्ण नमस्कार करतो तेव्हा इंद्र अडचणीत सापडतो : ‘दीर्घायुषी हो’ म्हणावे तर कर्ण खरोखरच दीर्घायुषी होईल आणि काहीच न म्हणावे तर तो आपल्याला मूर्ख ठरवील. ही चलबिचल दिसली नाही, तर त्यानंतर दिलेला कीर्तीचा आशीर्वाद निव्वळ औपचारिक वाटतो. इंद्राने इथे प्रेक्षकांकडे अर्धे वळून, कर्णाला वाकलेलाच ठेवून, तीन श्वास तरी घ्यावेत.

राहिले कवच. ते पाठीमागे नाड्यांनी बांधू नये. घामाने गाठ आवळते आणि ऐन दानाच्या क्षणी शल्याला ती दातांनी सोडवावी लागते, हे मी पाहिले आहे. दोन्ही बगलांखाली वेल्क्रो लावावे आणि ते सुटतानाची चरचर झाकण्यासाठी त्याच क्षणी मृदंगावर थाप ठेवावी.