व्यसन सोडताना ध्यानाला बसताय? या चुका टाळा

दारू सुटावी म्हणून ध्यानाकडे वळलेली बरीच माणसं बडोद्यात मी जवळून पाहिली आहेत. चुका त्याच त्या होतात, आणि त्यातली एक फार महागात पडते: पाय घसरल्यावर ध्यानालाच शिक्षा बनवणं.

वाडीतले एक काका बरेच महिने प्यायले नव्हते. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, म्हणून मित्रांनी दमणला नेलं आणि तिथे प्याले भरले गेले. इथे पिणं गुन्हाही असल्यामुळे लाज दुप्पट. घरी परतून कुणाला काही बोलले नाहीत. पहाटे तीनला उठून मांडी घालायची, जेवण टाळायचं, गुडघे सुजले तरी हलायचं नाही. श्वासाकडे लक्ष कुठलं? आत एकच चालू, 'मी नालायक आहे.' तीन-चार दिवसांत 'एवीतेवी सगळं गेलंच' म्हणून पुन्हा बाटली उघडली. काकूंनी मला बोलावलं तेव्हा ते जिन्यात बसून रडत होते.

ॲलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच मांडलं: एकदा घसरल्यावर 'आता मी संपलो' असं वाटणंच माणसाला पुन्हा व्यसनात ढकलतं. संयुक्त निकाय या पाली ग्रंथात बुद्धांनी दोन बाण सांगितलेत. पहिला दुखण्याचा, दुसरा त्या दुखण्यावर मनाने केलेल्या आकांताचा. काका दुसऱ्या बाणाने घायाळ झाले होते.

अशा वेळी मी तासभर बसू देत नाही. आधी पोटभर जेवण, मग एका विश्वासाच्या माणसाला खरं सांगायचं, मग दहा मिनिटं मैत्री भावना, म्हणजे मनात सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान. बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात ती स्वतःपासूनच सुरू होते: 'अहं सुखितो होमि', मी सुखी होवो. हे स्वतःला म्हणताना घसा दाटतो, शब्द फुटत नाहीत. काकांनाही फुटेनात. मग नातवाचं नाव घेऊन म्हणायला लावलं, आणि हळूच त्याच्या शेजारी त्यांचं.

करुणा म्हणजे 'आज दमलोय, एक चालेल' अशी सूट नव्हे.

तलफ आल्यावर नवख्याने डोळे मिटून झुंजत बसू नये. कमाटीबागेत चक्कर मारा. तलफ चढते तशी उतरतेही.

रील बघून आठवड्यात मन शांत करायला निघालेल्यांना मी परत पाठवते. घाई हीसुद्धा तलफच.

पाचवं शील, म्हणजे नशा न करण्याचं, मोडलं म्हणून विहार टाळू नका. पंचशील वंदनेत पुन्हा पुन्हा घेतलं जातं, तुम्हीही घ्या.

आणि ही चूक जिवावर बेतते: रोज भरपूर पिणारा माणूस दारू एकदम तोडून थेट दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जातो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, भ्रम, प्रसंगी मृत्यूही. शिबिर म्हणजे दवाखाना नव्हे. हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर, आसन नंतर. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा मोफत नंबर लावा, आणि फोन करताना घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.