मी भाजपवाला, मित्र काँग्रेसवाला: पंचवीस वर्षं मैत्री कशी टिकवली ते सांगतो

आधी एक गोष्ट समजून घ्या, गोव्यात माणूस टाळता येत नाही. सकाळी पोदेर म्हणजे पाववाला हॉर्न वाजवत येतो तेव्हा पाव घ्यायला दोघं एकाच कोपऱ्यावर, संध्याकाळी तिंट्यावर म्हणजे नाक्यावर चहावाला एकच, देवळाच्या कमिटीत पण दोघं. चाळीस आमदारांचं राज्य, एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार, उमेदवार पण कुणाचा तरी मेव्हणाच निघतो. त्यामुळे "सोड, बोलूच नको त्याच्याशी" हा सल्ला देणारे बहुतेक बाहेरगावी राहणारे असतात.

मी भाजपवाला आणि मराठीवाला. माझा मित्र, इथे त्याला पात्रांव म्हणू, काँग्रेसवाला आणि कोकणीवाला. गोव्याची राजभाषा कुठली, यावरून हे दोन गट. गंमत म्हणजे मराठीची बाजू मी त्याच्याशी कोकणीत मांडतो, आणि तो कोकणीसाठी तावातावाने बोलून झाला की मराठी पेपर उघडून बसतो, पहिलं पान मला देतो, स्पोर्ट्स स्वतः ठेवतो.

तर पहिलं काम, दोघांना मिळून करावं लागेल असं काहीतरी हातात ठेवा. नुसतं भेटू, बसू, गजाली मारू याने होत नाही, कारण रागावलं की भेटणंच पहिलं बंद होतं. आमचं आहे चवथीच्या म्हणजे गणपतीच्या आरत्या, मी घुमट वाजवतो, म्हणजे चामडं लावलेलं मातीचं मडकं, तो शामेळ, तो पण ढोलासारखाच. वाड्यावर शामेळ नीट वाजवणारा तो एकच, त्याला सोडून आरती म्हटली तर टाळ्या वाजवून म्हणावी लागेल. आमच्या आजोबांचं पण असंच होतं म्हणे. 16 जानेवारी 1967 ला ओपिनियन पोल झाला, गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार, माझा आजोबा फूल निशाणीवाला म्हणजे विलीनीकरणाचा आणि त्याचा आजोबा दोन पानांचा म्हणजे वेगळं राहण्याचा. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली, घरात चूल पेटली नव्हती असं आजी सांगायची, आता ते थोडं वाढवून पण असेल. पण जत्रेच्या नाटकाला पेटी वाजवणारा गावात एकच, तो दोन पानांचा, आणि पदं म्हणणारा माझा आजोबा. तालमीला जावंच लागलं.

दुसरं, वाद घाला, पण समोरासमोर घाला. व्हॉट्सॲपवर नाही म्हणजे नाही. गावाच्या ग्रुपवर त्याने फॉरवर्ड टाकला की मला वाटतं हे मलाच टाकलंय, मी त्याच्यावर दुसरा टाकतो, मग मधले चाळीस लोक बघताहेत म्हणून दोघांपैकी कुणालाच मागे हटता येत नाही. मी तो ग्रुप कायमचा म्यूट केलाय, मर्तिकाची बातमी असली तर बायको सांगते. आणि समोरासमोर म्हणजे पण पहिल्या ग्लासाला, मार्च-एप्रिलात उर्राक म्हणजे काजूची हलकी दारू असते, ती सरबतासारखी जाते आणि तिसऱ्या ग्लासानंतर प्रत्येकाला मुख्यमंत्री आपणच व्हायला हवं होतं असं वाटायला लागतं.

वाद कसा घालायचा तर कागद मध्ये ठेवून. राजभाषेवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो आणि दोघांपैकी कुणीच 1987 चा कायदा वाचला नव्हता! शेवटी एकदा मोबाईलवर काढून दोघांनी वाचला. देवनागरीतली कोकणी ही राजभाषा, आणि मराठी पण सरकारी कामासाठी वापरता येईल, असं आहे त्यात. तो पहिल्या वाक्यावर बोट ठेवतो मी दुसऱ्यावर. भांडण संपलं नाही, पण निदान आता एकाच कागदावरून भांडतो.

निवडणुकीचं वेगळं. मतदानाआधी 48 तास जाहीर प्रचार बंद असतो, आम्ही आमच्यापुरता तो पंधरा दिवस आधीच बंद करतो. या दिवसात तो पत्रक घेऊन माझ्या दारात आला तर पत्रक घ्यायचं, चहा द्यायचा, आणि पावसाचं किंवा मासळीच्या भावाचं बोलायचं. पंचायतीला तर पक्षाची निशाणी पण नसते, तरी खरी डोकी तिथेच फुटतात, त्यामुळे नियम तिथे पण तोच.

आणि समोरचा हरला किंवा त्याची फजिती झाली तर त्या दिवशी तोंड बंद. फेब्रुवारी 2022 ला मतदान झालं, काँग्रेसवाल्यांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देऊळ, चर्च, दर्गा सगळीकडे शपथा घेतल्या होत्या, आणि सप्टेंबरात 11 पैकी 8 आमदार भाजपात आले. पात्रांव उन्हातान्हात फिरला होता काँग्रेससाठी. माझ्या फोनवर सकाळपासून जोक यायला लागले, एक पण त्याला पाठवला नाही. संध्याकाळी मिरची भजी बांधून घेऊन त्याच्या घरी गेलो, टीव्ही बंद होता. अर्धी भजी संपल्यावर तो म्हणाला, "घे, आतां तुमचे जाले, सांबाळ तांकां." आणि खरं सांगू, आमच्याकडे पण कुणी खूश नव्हतं, ज्यांना चार महिने शिव्या घातल्या त्यांनाच आता हार घालायचे होते.

आता जे कधीच करू नका ते. पक्षाला, नेत्याला, भाषेला काय बोलायचं ते बोला, पण घरातल्या माणसांची नोकरी वादात आणू नका. आपल्याकडे सरकारी नोकरी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मी एका ग्रामसभेत भर लोकांत त्याला म्हणून गेलो, तुझा पोरगा कुणाच्या चिठ्ठीवर लागला ते सांगू का? चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हतं, पोरगा परीक्षा देऊन लागला होता आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. तो काही बोलला नाही, खुर्ची मागे सरकवली आणि गेला. मग सात महिने काही नाही. पाव घ्यायला पण तो दहा मिनिटं उशिरा यायला लागला.

माफी मागायची तर लांबलचक मेसेज लिहू नका, मी तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला, प्रत्येक वेळी त्यात "पण तू पण" येत होतं. मी आधी पोराकडे गेलो, त्याला समोर उभं राहून सॉरी म्हटलं, कारण बोललो होतो त्याच्याबद्दल. पोरगा म्हणाला ठीक आहे अंकल, बापाचं मला माहीत नाही. मग चवथीला महिना असताना पात्रांवला एवढंच पाठवलं, घुमटाचं चामडं फाटलंय, मढवून कुठे मिळेल? कुठे मिळतं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं.

दोन दिवस ब्ल्यू टिक. रविवारी सकाळी गेटवर हॉर्न वाजला, मला वाटलं पोदेर, तर हा गाडीत बसून. उतरला नाही. "घुमट हाड," म्हणजे आण, म्हणाला, "आनी पयसे तूंच दी."