गोल्टी (लहान आकाराच्या) कांद्यावरची चाचणी: औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची एम.एस्सी.ची मुलं प्रकल्प मिळाला की आधी अर्क काढायला बसतात. त्याआधी वनस्पती नेमकी कोणती ते पक्कं करा. गुळवेलीचंच घ्या. औषधात वापरतात ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याशी गल्लत होते ती टिनोस्पोरा क्रिस्पाची. त्याबद्दल आयुष मंत्रालयाला जाहीर सूचना द्यावी लागली. क्रिस्पाचं खोड करडं, बारीक फोडांचं असतं आणि कापलं की दुधाळ चीक येतो. फुला-फळांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, जाणकाराकडून ओळखून घ्या आणि हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) क्रमांक मिळवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. यावल अभयारण्यातून काही आणायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

ओळख डीएनएवरून पटवायची असेल, तर कोवळं पान घ्या आणि सीटॅब (पेशींचं पटल फोडणारा साबणासारखा पदार्थ) पद्धत वापरा: सीटॅब २ टक्के, मीठ १.४ मोलर, ६५ अंशांवर अर्धा तास, मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल. डीएनएचा गोळा तपकिरी आला तर पॉलिफेनॉल ऑक्सिडाइझ झाले आहेत; बफरमध्ये पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारा पदार्थ) आणि ऑक्सिडेशन रोखायला थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घाला, तेही फ्यूम हुडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात). गोळा चिकट आला तर त्यात शर्करायुक्त चीक आहे. मिठाचं प्रमाण वाढवून पुन्हा काढा. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (प्रथिनांची भेसळ दाखवणारं) १.८ च्या आसपास आलं तरी २६०/२३० (शर्करा, रसायनांची भेसळ दाखवणारं) पाहिल्याशिवाय पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) लावू नका.

वनस्पती पक्की झाली की तिच्या अर्काच्या विषाक्ततेची पहिली चाळणी म्हणून आमची पसंती अर्कात ठेवलेल्या कांद्याच्या मुळांना. स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये ही चाचणी मांडली. कांद्यात १६ मोठी गुणसूत्रं असतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तुटफूट दिसते. कांदा मात्र जपून निवडा. कोंब येऊ नयेत म्हणून किरणोत्सर्गाचा मारा केलेला किंवा रसायन फवारलेला कांदा चालत नाही; त्याच्या पेशी आधीच बिघडलेल्या असतात. शेतकऱ्याच्या चाळीतून, काय फवारलंय ते विचारून, एकाच वाणाची गोल्टी आणा. तळाची वाळलेली मुळं ब्लेडने खरवडा, पण नवी मुळं फुटतात त्या कड्याला धक्का लावू नका.

कांदा आधी पाण्यावर ठेवून मुळं १ ते २ सेंटीमीटर होऊ द्या. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम नसल्याने मुळं नीट वाढत नाहीत, आणि बोअरच्या पाण्याची जडता गावागावाला बदलते. म्हणून एकच पाणी सगळ्या गटांना वापरा. नंतर अर्काच्या वेगवेगळ्या तीव्रतेत २४ तास ठेवा. तापमान २० ते २५ अंश हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ वर जातो तेव्हा वातानुकूलित खोली नसेल तर ही चाचणी करूच नका, हिवाळ्यात करा. पाण्यात उकळून केलेला काढा उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी ताजा घ्या. अर्काचा पीएच आधी मोजा. तो फार आम्लधर्मी असेल तर मुळं त्यानेच खुंटतात आणि दोष विनाकारण वनस्पतीच्या माथी येतो. विद्रावक वापरला असेल, तर तेवढाच विद्रावक घातलेला, अर्क नसलेला गट वेगळा ठेवा.

मुळं सकाळीच कापा आणि ३:१ इथेनॉल-ॲसिटिक आम्लात २४ तास टाका. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर साधारण ५ मिनिटं. कमी ठेवलं तर पेशी सुटत नाहीत, जास्त ठेवलं तर मूळ विरघळून रंग धरत नाही. टोकाचे फक्त १ ते २ मिलिमीटर घ्या, २ टक्के ॲसिटोकार्मिनने रंगवा, कव्हरस्लिपवर अंगठ्याने सरळ दाबा, घासू नका. तीव्रतेमागे किमान पाच कांदे आणि प्रत्येकाच्या हजार पेशी मोजा. विभाजित होणाऱ्या पेशींची टक्केवारी घसरली तर अर्क विभाजन रोखतोय. विभागणाऱ्या गुणसूत्रांमध्ये पूल, त्यांचे तुकडे किंवा मागे रेंगाळलेली गुणसूत्रं दिसली तर गुणसूत्रांना इजा होतेय. दोन्ही आकडे वेगळे लिहा.

एवढ्यावरून माणसाला विषारी किंवा कर्करोगावर गुणकारी असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर त्याला थांबवा. प्राण्यांवरच्या चाचणीला संस्थात्मक नैतिक समितीची मंजुरी लागते, आणि ती मिळाल्याशिवाय उंदीर मागवायचे नाहीत. मोजताना पूर्वग्रह येऊ नये म्हणून स्लाइडवर गटाचं नाव न लिहिता दुसऱ्याकडून सांकेतिक क्रमांक टाकून घ्या, तोही शिसपेन्सिलीने; शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.