पूलमध्ये नेम कसा बसवावा: घोस्ट बॉलपासून हाफ बॉलपर्यंत

पूल खेळायला लागून वर्ष-सहा महिने झालेल्या खेळाडूची प्रगती बहुधा एकाच ठिकाणी अडते. सरळ बॉल जातात, पॉकेटच्या तोंडाशी असलेले तर जातातच, पण जरा कट आला, म्हणजे बॉल सरळ न मारता कोनात वळवायचा झाला, की बॉल कधी जातो, कधी जात नाही, आणि का गेला नाही हे मारणाऱ्याला सांगता येत नाही. इंदुरात विजयनगरच्या किंवा सपना-संगीता रस्त्यावरच्या कोणत्याही पार्लरमध्ये तासभर बसले, तर ‘मोटा लगा’ आणि ‘पतला हो गया’ ही दोन वाक्ये आळीपाळीने कानावर पडतात. मोटा म्हणजे बॉलला गरजेपेक्षा जास्त भरून लागले आणि तो कमी वळला, पतला म्हणजे नुसते कडेला लागले आणि तो जास्त वळला. नेम धरण्याची एखादी पद्धत शिकायची ती या मोट्या-पतल्याचे काहीतरी माप आपल्या हाती यावे म्हणून.

सगळ्या पद्धतींच्या मुळाशी भूमिती एकच आहे. दोन सारख्या आकाराचे बॉल भिडले की समोरचा बॉल, व्हाइट (आपण मारतो तो पांढरा बॉल) कुठूनही आलेला असला तरी, त्या क्षणी दोघांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत पळतो. त्यामुळे भिडण्याच्या क्षणी व्हाइटचे केंद्र नेमके कुठे असायला हवे, एवढाच प्रश्न उरतो. घोस्ट बॉलची पद्धत त्या जागेचे चित्र डोळ्यांपुढे उभे करते. फ्रॅक्शनची पद्धत तीच जागा समोरच्या बॉलचा किती भाग झाकायचा या मापात सांगते. नवशिक्याने घोस्ट बॉलने सुरुवात करून फ्रॅक्शनवर यावे असे माझे मत आहे, आणि पुढचा क्रम त्याच मताप्रमाणे लावला आहे.

आधी क्यू आणि टेबल तपासावे

ज्याचा क्यू, म्हणजे मारायची काठी, सरळ चालत नाही त्याला नेमाची कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही, कारण त्याने योग्य जागी नेम धरला तरी व्हाइट तिथे जात नाही, आणि चुकीच्या जागी धरलेला नेम हाताच्या दोषामुळे अधूनमधून बरोबरही लागतो. ही परीक्षा सोपी आहे. व्हाइट ब्रेकच्या, म्हणजे डावाचा पहिला शॉट मारायच्या, बाजूच्या रेषेवर बरोबर मध्यभागी ठेवावा, समोरच्या आखूड कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) मध्यावर सरळ मारावा आणि क्यू तसाच पुढे राहू द्यावा. परत येणारा व्हाइट क्यूच्या टिपेवरच, म्हणजे चामडी टोकावरच, येऊन लागला तर हात ठीक आहे. तो दर वेळी उजवीकडेच किंवा डावीकडेच येत असेल तर आपण व्हाइटला मध्यावर मारत नाही. त्यानंतर रंगीत बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत ठेवून, तो पॉकेटमध्ये जावा आणि व्हाइट त्याच्या जागी जिथल्या तिथे थांबावा असे शॉट मारावेत. हे दहापैकी आठ-नऊ वेळा साधत नाही तोवर पुढे जाण्याची घाई करू नये.

पार्लरचा क्यू टेबलावर लोळवून तो वाकडा नाही ना, आणि टिप घुमटासारखी गोल आहे ना, हे पाहून घ्यावे. टेबल एका बाजूला कलले असेल तर हळू मारलेला बॉल शेवटी वळतो आणि खेळाडू उगाच आपल्या नेमाला दोष देत राहतो. एक बॉल अगदी सावकाश आडवा सोडून पाहिला की हे कळते.

घोस्ट बॉलची जागा शोधणे

रंगीत बॉल पॉकेटपासून साधारण दोन फुटांवर ठेवावा. व्हाइटच्या मागे जाऊन वाकण्याआधी त्या रंगीत बॉलच्या मागे, म्हणजे पॉकेटच्या विरुद्ध बाजूला उभे राहावे आणि पॉकेटच्या मध्यापासून बॉलच्या केंद्रातून आपल्याकडे येणारी रेषा पाहावी. ही रेषा बॉलच्या मागच्या बाजूला जिथे बाहेर पडते तो संपर्कबिंदू. आता एक दुसरा बॉल त्याच रेषेवर, पहिल्याला चिकटवून ठेवावा. हा दुसरा बॉल म्हणजेच घोस्ट बॉल. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे 57.15 मिलिमीटर असतो. त्यामुळे घोस्ट बॉलचे केंद्र रंगीत बॉलच्या केंद्रापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर येते. मग व्हाइटच्या मागे जाऊन तो ठेवलेला बॉल नीट पाहावा, त्याने रंगीत बॉलचा किती भाग झाकला आहे ते लक्षात ठेवावे, तो उचलून घ्यावा आणि व्हाइट त्याच रिकाम्या जागी पाठवावा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. संपर्कबिंदू दिसला की व्हाइटचे केंद्र त्या बिंदूकडेच रोखले जाते. पण व्हाइटला जाडी आहे. त्याचे केंद्र त्या बिंदूपर्यंत पोहोचण्याआधीच त्याची कड रंगीत बॉलला लागलेली असते. समजा कट 30 अंशांचा आहे. व्हाइटच्या बाजूने पाहिले तर संपर्कबिंदू रंगीत बॉलच्या मध्यापासून सुमारे 14 मिलिमीटर बाजूला दिसतो, पण व्हाइटचे केंद्र मात्र त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण 28.5 मिलिमीटर बाजूला, बरोबर रंगीत बॉलच्या कडेवर रोखावे लागते. जो संपर्कबिंदूवरच नेम धरतो त्याचा 30 अंशांचा कट प्रत्यक्षात साडेचौदा अंशांचा होतो आणि मीटरभर अंतरावर बॉल पॉकेटपासून पाव मीटरहून अधिक दूर, कुशनवर जाऊन आदळतो. बॉल नेहमी मोटा लागत असेल तर बहुतेकदा कारण हेच असते. उपायही यातच आहे: संपर्कबिंदू मध्यापासून जेवढा बाजूला दिसतो त्याच्या दुप्पट बाजूला नेम धरावा. घोस्ट बॉलचे चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही त्यांनी हा दुपटीचा नियम वापरावा.

सरावासाठी दुसरा बॉल सारखा ठेवणे कंटाळवाणे वाटले तर पातळ कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर 57 मिलिमीटर अंतराने दोन खुणा कराव्यात. एक खूण रंगीत बॉलखाली ठेवली आणि पट्टी पॉकेटच्या रेषेत लावली की दुसरी खूण घोस्ट बॉलच्या केंद्राची जागा दाखवते. कापडावर चॉकने खूण मात्र करू नये. मार्करने, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या माणसाने, पाहिले तर तो तिथल्या तिथे ओरडेल, आणि ते योग्यच आहे.

पार्लरमधला उजेड हाही विचारात घेण्यासारखा आहे. टेबलावर मधोमध दिवा नसून एका बाजूच्या भिंतीवर ट्यूबलाइट असेल तर बॉलची अंधारी बाजू आकुंचलेली दिसते आणि आपण कळत-नकळत उजेडाच्या बाजूला नेम सरकवतो. अशा टेबलावर बॉलच्या कडेऐवजी बॉल कापडाला जिथे टेकतो त्या बिंदूवरून रेषा मोजणे अधिक खात्रीचे असते.

फ्रॅक्शन: हाफ बॉलला खुंटी मानावे

घोस्ट बॉलची अडचण अशी की सामन्यात तो तिथे नसतो. म्हणून त्याची जागा रंगीत बॉलवरच्या खऱ्या, दिसणाऱ्या खुणांशी जोडावी लागते, आणि फ्रॅक्शनची पद्धत तेच करते. व्हाइटने समोरचा बॉल पूर्ण झाकला तर तो सरळ जातो. तीन-चतुर्थांश झाकला तर तो सुमारे साडेचौदा अंशांनी, अर्धा झाकला तर 30 अंशांनी आणि एक-चतुर्थांश झाकला तर सुमारे 48.5 अंशांनी वळतो. हे आकडे बॉलच्या आकारावर अवलंबून नाहीत. इंदूरला स्नूकरची सवय जुनी आहे. अमी कमानीसारखी राष्ट्रीय विजेती खेळाडू इथलीच, आणि बऱ्याच क्लबांत स्नूकरचे मोठे टेबल आणि पूलचे लहान टेबल शेजारीशेजारी असतात. स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा, म्हणजे पूलच्या बॉलहून लहान असतो. दोन्ही खेळणाऱ्याला घोस्ट बॉलचे अंतर बदलून मोजावे लागते, पण हाफ बॉल मात्र दोन्हीकडे 30 अंशांचाच राहतो.

या चारांत सर्वांत आधी हाफ बॉल पक्का करावा, कारण त्याची खूण डोळ्यांना स्पष्ट दिसते: व्हाइटचे केंद्र समोरच्या बॉलच्या अगदी कडेवर. तीन-चतुर्थांशाची खूण बॉलच्या पृष्ठभागावर कुठेतरी मध्येच असते आणि एक-चतुर्थांशाची तर बॉलच्या बाहेर, रिकाम्या हवेत. हाफ बॉलची मांडणी करायला कोनमापक लागत नाही. रंगीत बॉलला पॉकेटच्या रेषेत घोस्ट बॉल चिकटवून ठेवावा आणि थोडे दूर, खाली वाकून टेबलाभोवती असे सरकावे की घोस्ट बॉलमागे रंगीत बॉल बरोबर अर्धा लपेल. तिथे व्हाइट ठेवावा. पुढे घोस्ट बॉल उचलून तोच शॉट वेगवेगळ्या अंतरांवरून, डाव्या आणि उजव्या दोन्ही कटांनी मारावा. बहुतेकांची एक बाजू दुसरीपेक्षा कच्ची निघते. अशा वेळी आपला क्यू हनुवटीखाली नेमका कुठे येतो ते पाहावे, कारण ज्याची एक नजर प्रबळ आहे त्याचा क्यू बरोबर मधोमध असलाच पाहिजे असे नाही. विसाव्या शतकातला नामांकित स्नूकरपटू जो डेव्हिस याची उजवी नजर अधू होती आणि त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून चालत असे.

हाफ बॉल अंगात भिनला की उरलेले काम तुलनेचे होते. समोर आलेला कट आपल्या ओळखीच्या हाफ बॉलपेक्षा मोटा आहे की पतला, आणि किती, हा प्रश्न ‘कुठे मारू?’ या प्रश्नापेक्षा कितीतरी सोपा असतो. मात्र पतल्या कटांना चुकीची मुभा कमी असते. व्हाइट नेमापेक्षा 1 मिलिमीटर बाजूला गेला तर 30 अंशांच्या कटात रंगीत बॉलची दिशा सुमारे 1.15 अंशांनी चुकते, 60 अंशांच्या कटात 2 अंशांनी. स्पर्धेच्या टेबलाचे कोपऱ्यातले पॉकेट साडेचार इंचांच्या आसपास रुंद असते, म्हणजे बॉलला दोन्ही बाजूंना जेमतेम 28 मिलिमीटर मोकळे मिळतात. मीटरभर अंतरावर 60 अंशांच्या कटात ती एका मिलिमीटरची चूक 35 मिलिमीटरची होते आणि बॉल पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर येतो. सामन्यात असा शॉट टाळता येत असेल तर टाळावा.

नेम बरोबर असूनही बॉल मोटा का जातो

भूमितीत घर्षण नसते, टेबलावर असते. कट मारताना व्हाइट समोरच्या बॉलला घासून जातो आणि त्याला किंचित आपल्याच दिशेने ओढतो. याला थ्रो म्हणतात. बॉल हळू मारला आणि व्हाइट घरंगळण्याऐवजी सरकत जाऊन भिडला तर ही ओढ सर्वांत जास्त असते, हाफ बॉलच्या आसपास ती विशेष जाणवते आणि वाईट परिस्थितीत बॉल फुटामागे जवळजवळ इंचभर भरकटतो. मळलेल्या, चॉकचे डाग पडलेल्या बॉलमध्ये ती आणखी वाढते. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी बॉल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. पावसाळ्यात दमट झालेले कापडही जड चालते, तेव्हा वेगाचा अंदाज पहिल्या पाच-दहा मिनिटांत नव्याने घ्यावा. हळू मारायच्या कटात नेम घोस्ट बॉलपेक्षा केसभर पतला धरणे हाच व्यवहारातला उपाय आहे.

चुका नुसत्या मोजू नयेत, त्यांची बाजू लिहून ठेवावी. सगळ्या मोट्या असतील तर संपर्कबिंदूचा दोष किंवा थ्रो. हळू मारलेल्याच मोट्या असतील तर नक्कीच थ्रो. कधी मोट्या, कधी पतल्या असतील तर दोष नेमात नाही, हातात आहे आणि सरळ शॉटच्या सरावाकडे परत जावे.

नेमाचा निर्णय उभ्यानेच घ्यावा. रेषा पाहावी, त्या रेषेतच पाऊल टाकून वाकावे आणि खाली गेल्यावर नेम चुकीचा वाटला तर मनगट वळवून तो सुधारण्याऐवजी उठून पुन्हा उभे राहावे. वाकल्यावर क्यू थोडासा सरकवून घेण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती कोणत्याही पद्धतीचा पाया पोखरते.

‘सेंटर टू एज’ आणि क्यू फिरवून नेम घेण्याच्या इतर पद्धतींबद्दलही कुतूहल असते. हॅल हूल या अमेरिकन शिक्षकामुळे त्या पुढे आल्या आणि त्यांचे कट्टर समर्थक आहेत. मोजक्या दोन-चार खुणांतून टेबलावरचे सगळे कोन निघतात, हा दावा भूमितीला धरून नाही; मधले कोन खेळाडूची सरावलेली नजरच भरून काढते. तरीही त्या पद्धतींमुळे खेळाडू दर शॉटला एकाच शिस्तीने उभा राहतो, हा फायदा खरा आहे. हाफ बॉल पक्का झालेल्याने हवे तर त्या करून पाहाव्यात.

साइड, म्हणजे व्हाइटला मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारून दिलेली फिरकी, मात्र या सगळ्या काळात बाजूला ठेवावी. साइड दिली की व्हाइट क्यूच्या रेषेतून किंचित विरुद्ध बाजूला सरकतो, पुढे हळूहळू वळतो आणि समोरच्या बॉलवरचा थ्रोही बदलतो, म्हणजे एका शॉटमध्ये तीन नवे बदल येतात आणि बॉल का चुकला हे शोधणे अशक्य होते. टिप व्हाइटच्या मधल्या उभ्या रेषेवरच राहू द्यावी. वर मारून फॉलो (व्हाइट पुढे जाणे) आणि खाली मारून स्क्रू (व्हाइट मागे येणे) तेवढे घ्यावेत. दोन्ही बाजूंचे हाफ बॉल साइडशिवाय सहज जाऊ लागले की मगच, तीही अर्ध्या टिपेच्या अंतराने, साइड सुरू करावी.