तळणीचं तेल उरलं की या चुका टाळा

गणपतीत तळणीचे मोदक, गौरीला वडे, विसर्जन झालं की सुरमईच्या तुकड्या. आठवड्याभरात कढईत पावशेर तरी काळपट तेल उरतंच. ते जातं मोरीत, आणि त्यावर कढत पाण्याचा तांब्या.

सगळ्यात मोठी चूक हीच. कढत पाण्याने तेल फक्त पुढे सरकतं आणि गार पाइपाला आतून चिकटतं. खोबरेल तर २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागतं. त्या ओशट थरावर भाताची शितं, माशांची खवलं बसत जातात. एका भाद्रपदात आमची मोरी तुंबली, तेव्हा आतून मेणासारखे गोळे निघाले. असं झालं तर ॲसिड ओतू नका. खाली बादली ठेवून वाकडा पाइप खोला आणि गाळ हाताने काढा.

पाइप निदान साफ करता येतो. पण कोकणात कितीतरी घरांच्या मोरीचं पाणी परसातल्या केळी-अळवाच्या आळ्यात, नाहीतर शोषखड्ड्यात जातं. तेलाने माती ओशट झाली की पाणी मुरत नाही, मग घाण वास आणि डास. खालचा जांभा सच्छिद्र, विहीर चार पावलांवर, आणि पावसात तिचं पाणी अगदी वर आलेलं. म्हणून माडाच्या मुळाशीही तेल ओतू नका.

मग करायचं काय? तेल पूर्ण गार होऊ द्या. नारळाच्या सोडणाचा भुसा, राख किंवा जुना कागद दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरून त्यात ते जिरवा, तोंड बांधा, कचऱ्यात टाका. तेल जास्त असेल तर बाटलीत साठवा. बायोडिझेलसाठी वापरलेलं तेल गोळा करणारे काही शहरांत आहेत. ताट-कढई घासण्याआधी कागदाने पुसली तरी मोरीचा बराच त्रास वाचतो.

पुन्हा वापरायचं तेल रात्रभर लोखंडी कढईत किंवा पितळीत ठेवू नका, धातूमुळे ते लवकर खवट होतं. कोमट असताना फडक्यातून गाळा, कारण तळाशी राहिलेला रवा पुढच्या वेळी जळतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, चुलीपासून लांब, अंधारात ठेवा. मासे तळलेलं तेल वेगळं ठेवा.

हॉटेलांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे: तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही. फेस येऊ लागला, तेल चिकट झालं, तापायच्या आधीच धूर निघाला, की त्यात ताजं तेल मिसळून ते वाढवत बसू नका. टाकून द्या.