हेन्सव्हिल वायुक्षेत्रातील खनिज आणि रॉयल्टी हक्क विकताना

अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा वायव्य भाग आणि त्याला लागून असलेला पूर्व टेक्सास या पट्ट्यात, जमिनीखाली साधारण १०,५०० ते १३,५०० फुटांवर हेन्सव्हिल हा वायुधारक शेल खडक पसरलेला आहे. २००८ मध्ये त्याची जाहीर चर्चा सुरू झाल्यापासून तेथील खनिज हक्कांना गिऱ्हाईक मिळत आले आहे. वारशाने असे हक्क मिळालेल्या अनेकांच्या हाती खरेदीचे पहिले पत्र पडते तेव्हा आपल्याकडे नेमके काय आहे, हेच त्यांना ठाऊक नसते. त्यामुळे भावाची बोलणी करण्याआधी मालकीची कागदपत्रे तपासून घ्यावीत.

खनिज हक्काच्या मालकाला खोदकामासाठी कंपनीला भाडेपट्टा देण्याचा आणि त्यावरील बोनस, म्हणजे करारावेळची एकरकमी रक्कम, घेण्याचा अधिकार असतो, तर केवळ रॉयल्टी हक्क असणाऱ्याला उत्पादनातील वाटाच मिळतो. टेक्सासमध्ये जमिनीपासून वेगळा झालेला खनिज हक्क कायम टिकतो. लुइझियानात मात्र तो दहा वर्षे वापरात आला नाही, तर संपतो आणि खनिजे पुन्हा जमीनमालकाकडे जातात. सद्हेतूने केलेल्या खोदकामाने ही मुदत नव्याने सुरू होते, परंतु रॉयल्टी हक्कासाठी नुसते खोदकाम सुरू होणे पुरेसे नसते. म्हणून लुइझियानातील विक्रेत्याने पॅरिशच्या (लुइझियानातील काउंटी, म्हणजे जिल्हा) क्लार्क ऑफ कोर्टकडील नोंदींवरून हक्क कधी निर्माण झाला आणि सोनरिस या राज्याच्या सार्वजनिक माहितीसाठ्यावरून विहीर कधी खोदली गेली, या दोन्ही तारखा पडताळून पाहाव्यात. टेक्सासमध्ये मालकीच्या नोंदी काउंटी क्लार्ककडे असतात, तर विहिरींची माहिती रेलरोड कमिशनकडे मिळते. नाव रेल्वेचे असले तरी तेल आणि वायूचे नियमन हाच आयोग करतो.

त्यानंतर आपला वाटा मोजावा. समजा, ६४० एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे विहिरींचे उत्पादन वाटून घेण्यासाठी एकत्र धरलेल्या जमिनींत, तुमचे ४० एकर आहेत आणि भाडेपट्ट्यातील रॉयल्टी एक चतुर्थांश आहे, तर ४० भागिले ६४० गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे ०.०१५६२५ हा तुमचा दशांश हिस्सा होय आणि डिव्हिजन ऑर्डरवर (प्रत्येकाचा हिस्सा नोंदवणाऱ्या कंपनीच्या कागदावर) तोच आकडा दिसायला हवा. खरेदीदार कधी निव्वळ खनिज एकराचा दर सांगतात, तर कधी निव्वळ रॉयल्टी एकराचा. रॉयल्टी एकर बहुधा एक अष्टमांशाच्या प्रमाणावर मोजला जातो आणि एक चतुर्थांश त्याच्या दुप्पट असल्याने वरील ४० एकरांचे ८० रॉयल्टी एकर होतात. म्हणजे खनिज एकराला १०,००० डॉलर आणि रॉयल्टी एकराला ५,००० डॉलर हे या उदाहरणात एकच देकार ठरतात. दोन पत्रांची तुलना हे रूपांतर केल्यावाचून करू नये.

भाव ठरवताना सर्वांत जास्त दिशाभूल नव्या विहिरीच्या पहिल्या धनादेशांनी होते. खोल, प्रचंड दाबाच्या या खडकातील विहीर सुरुवातीला भरपूर वायू देते, पण पहिल्याच वर्षात तिचे उत्पादन निम्म्याहून अधिक घसरणे नेहमीचे आहे, त्यामुळे पहिल्या महिन्यांच्या रकमेला वर्षांनी गुणून काढलेली किंमत कोणताही जाणता खरेदीदार देणार नाही. उलट, तोच खरेदीदार युनिटमध्ये अजून न खोदलेल्या विहिरींचा हिशेब मनात धरून असतो, आणि तो बहुधा विक्रेत्याला सांगत नाही. त्यातच अमेरिकेतील वायूच्या भावाचे मापक केंद्र असलेल्या हेन्री हबवरील वायूचा वार्षिक सरासरी भाव २०२० मध्ये दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एककांना सुमारे २ डॉलर, २०२२ मध्ये सुमारे साडेसहा डॉलर आणि २०२४ मध्ये पुन्हा २ डॉलरच्या आसपास होता. ज्याला पैशांची तातडी नाही, त्याने मंदीत सर्व हक्क विकण्याऐवजी निम्मे विकून निम्मे राखणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खरेदीखत तेल-वायू क्षेत्रातील वकिलाकडून वाचून घ्यावे. त्याची फी येथे वाचवू नये. संपूर्ण पॅरिशमधील किंवा काउंटीतील सर्व हक्क दिले, अशा अर्थाचे व्यापक कलम असेल, तर तुम्हाला माहीतही नसलेले तुकडे त्यात जातात. केवळ हेन्सव्हिलचा थर विकायचा असेल, तर त्यावरचे बॉसियर आणि कॉटन व्हॅली हे थर राखल्याचे स्पष्ट लिहावे. कोणत्या तारखेपासूनचे उत्पादन खरेदीदाराचे आणि अडकून पडलेली जुनी रॉयल्टी कोणाची, हेही खतातच यावे. मालकी तपासल्यावर वटणाऱ्या ड्राफ्टच्या भरवशावर सही केलेले मूळ खत खरेदीदाराच्या हाती देऊ नये. ते एस्क्रोत, म्हणजे तटस्थ त्रयस्थाकडे, ठेवावे आणि पैसे जमा झाल्यावरच नोंदणीला जाऊ द्यावे.

कराच्या दृष्टीने रॉयल्टी हे सामान्य उत्पन्न धरले जाते, तर वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या हक्काच्या विक्रीवर सहसा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. वारसा हक्कात मूळ मालकाच्या मृत्यूसमयीचे बाजारमूल्य हीच सामान्यतः आधारभूत किंमत (नफा काढताना विक्री किमतीतून वजा होणारी रक्कम) मानली जाते. म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन हाती असल्यास करपात्र नफा बराच कमी भरू शकतो. टेक्सासमध्ये उत्पादन देणाऱ्या खनिजांवरील मालमत्ता कर १ जानेवारीला मालक असलेल्याच्या नावे आकारला जातो, त्यामुळे विक्रीच्या वर्षाचा कर कोणी भरायचा हे खतात लिहून घ्यावे.